‘पॅनिक’ सर्वांचे नव्हे, पॅनचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दांच्या सदरात ‘पॅनिक’ हा इंग्रजी शब्द ‘सर्व’ या अर्थाच्या ‘पॅन’ या ग्रीक शब्दापासून आल्याचे सांगून ‘एकाच वेळी सर्वांना ग्रासणारी भीती’ असा त्याचा मूळ अर्थ दिला आहे. ही फोड सुटसुटीत असली तरी खरी नाही. ग्रीक भाषेतले ‘पानिकॉन’ हे विशेषण पॅन नावाच्या देवावरून आले असून, त्यात भर आहे तो भीतीचे कारण दिसत नसण्यावर; ती किती जणांना वाटते यावर नाही. अर्थात, पॅनच्या नावाची ‘सर्व’शी सांगड खुद्द ग्रीकांनीही घातली होती. तो सर्व देवांना आवडला म्हणून त्याचे नाव पॅन पडले, असे त्याच्या एका जुन्या स्तोत्रात म्हटले आहे. तेव्हा आपले सदरलेखक निदान थोरांच्या पंक्तीला बसून चुकले आहेत.

पॅन हा आर्केडिया या डोंगराळ मुलखातला, बोकडाचे पाय आणि शिंगे असलेला, मेंढपाळांचा देव. भर दुपारी तो रानात विसावतो आणि त्याची झोपमोड झाली तर कोपतो, म्हणून त्या वेळी पावा वाजवायला गुराखी धजत नसत. माळावर शांत चरणारा कळप, ना लांडगा ना वीज, अचानक बुजून उधळला की हे पॅनचे काम, असे मानले जाई. भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी त्याच्या नावाचा संबंध पाळणे, राखणे या अर्थाच्या धातूशी आणि तेथून ऋग्वेदातील पूषन् या देवतेशी जोडला आहे. पूषन्‌च्या रथाला बोकड जुंपलेले असतात आणि हरवलेली गुरे तो शोधून देतो, हे पाहता तर्क आकर्षक आहे. मात्र तो सर्वमान्य नाही.

कळपाची ही भीती ग्रीकांनी पुढे सैन्यालाही लावली. इ. स. पू. चौथ्या शतकात युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या एनिअसने रात्री छावणीत उगाच उडणाऱ्या गोंधळाला आर्केडियाच्या बाजूचा खास शब्द असल्याचे नोंदवले आहे आणि अशा वेळी प्रत्येकाने जागचे न हलता ‘हे पॅनचे आहे’ असे शेजाऱ्याला सांगत जावे, असा उपाय सुचवला आहे. त्याहून मासलेवाईक प्रसंग झेनोफन या ग्रीक सैनिक-लेखकाने स्वतः पाहून लिहिला आहे. इ. स. पू. ४०१ मध्ये बॅबिलोनजवळच्या लढाईनंतर परमुलखात अडकलेल्या ग्रीक सैन्यात एका रात्री विनाकारण घबराट माजली. तेव्हा सेनापती क्लिअर्कसने दवंडी पिटवली, की शस्त्रांच्या जागेत गाढव कोणी सोडले हे जो सांगेल त्याला एक टॅलंट, म्हणजे सुमारे २६ किलो, चांदी बक्षीस मिळेल. आपले अधिकारी सुखरूप आहेत आणि भीती पोकळ आहे, हे शिपायांना तेवढ्यावरून उमगले. बक्षीस कोणी नेल्याचे झेनोफन लिहीत नाही.

मूळ अर्थाचा सर्वांत स्पष्ट पुरावा पौसानिअस या प्रवासवर्णनकाराकडे मिळतो. इ. स. पू. २७९ मध्ये डेल्फी या ग्रीक तीर्थक्षेत्रावर चालून आलेल्या गॉल या परकीय टोळ्यांना रात्री नसलेल्या घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, आपलीच माणसे त्यांना ग्रीक वाटली आणि त्यांनी एकमेकांना कापून काढले, असे सांगताना तो म्हणतो, की निष्कारण भीती पॅनकडून येते असे मानतात. अथेन्स आणि इराणी यांच्यातील मॅरेथॉनच्या रणात पॅननेच इराण्यांची गाळण उडवली, ही आपल्या सदरात आलेली कथा मात्र हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात नाही. त्याच्याकडे पॅन भेटतो तो युद्धापूर्वी स्पार्टाकडे धावत निघालेल्या जासुदाला, आणि अथेन्सचे लोक माझी दखल का घेत नाहीत, एवढीच तक्रार करतो. नंतर त्यांनी अ‍ॅक्रोपोलिस या आपल्या गडाच्या पायथ्याशी त्याचे ठाणे केले. रणातली घबराट मागाहूनची भर आहे.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे १६०० च्या आसपास शिरला तो विशेषण म्हणून. नाम आणि क्रियापद त्यानंतरचे. पुढे पेढीवर ठेवीदारांची झुंबड उडाली की त्याला ‘पॅनिक’ म्हणू लागले, आणि अमेरिकेच्या इतिहासात १८३७, १८७३ व १९०७ ही साले याच नावाने ओळखली जातात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान आले. एकटा माणूस, समोर कसलाही धोका नाही, आणि तरी छाती धडधडून श्वास कोंडतो: ‘सर्वांची भीती’ हा अर्थ येथे कसा बसवणार?

याच कारणाने चेंगराचेंगरीच्या बातम्यांत हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला, तेव्हा अरुंद जिना, पावसामुळे पुलावर थांबून राहिलेले लोक आणि गाड्यांमधून उतरणारी नवी गर्दी ही कारणे ढळढळीत दिसत होती. तेथे ‘लोक पॅनिक झाले’ असे छापले, की दोष मेलेल्यांच्या माथी जातो आणि जिना सुटतो.

जाता जाता, उपवासाच्या वरीच्या शास्त्रीय नावातील ‘पॅनिकम’ हा लॅटिन शब्द धान्याच्या कणसावरून आलेला असून त्याचा या देवाशी काही संबंध नाही. तसा संबंध जोडणारी सदरातील चौकटही दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा