टाकी राहू दे, आधी पाइप बघ

पुणे,
१४ डिसेंबर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. सोलरचं पाणी सकाळी कोमट येतं, वहिनी रोज गिझर लावतात, आणि तू २०० लिटरची टाकी काढून ३०० ची बसवायला निघालास. थांब जरा. मागच्या थंडीत मीही हेच करणार होतो.

आमची आई पहाटे साडेपाचला अंघोळीला जाते. नळ सोडून, पाण्याखाली हात धरून बसायची बिचारी. एकदा तिच्या आधी उठून मी गरम येईपर्यंतचं पाणी बादलीत धरलं. जवळजवळ अर्धी बादली भरली! गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत १८ मीटर पाइप, तोही एक इंची. मीटरला साधारण अर्धा लिटर धर. नऊ लिटर पाणी रात्रभर भिंतीबाहेर गार होत पडलेलं. ते निघून गेलं की तेवढंच कढत पाणी पाइपात येऊन बसतं, आणि नळ बंद केला की तेही वाया.

खालच्या बाथरूमला आता अर्धा इंची लाइन वेगळी टाकली. व्यास निम्मा, त्यामुळे पाइपात अडकणारं पाणी चौथ्या हिश्श्यावर आलं. दोन मजल्यांचा दाब असल्यानं धार पुरते. वरच्या मजल्याला मात्र असं करू नकोस, तिथे टाकी जेमतेम डोक्यावर असते. पाइपवर फोमचं इन्सुलेशन चढव आणि त्यावर पत्रा किंवा ॲल्युमिनियमची टेप घे, नाहीतर उन्हानं फोमचा भुगा होतो.

एवढं करूनही वरच्या बाथरूमला पाणी कोमटच. कारण सापडलं खालच्या मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळात. मुलं नुसतं हँडशॉवरचं बटण सोडून पाणी थांबवायची, गरम-गार दोन्ही चाव्या उघड्याच. वर गरम नळ सोडला की खालून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरायचं. पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह प्लंबरनं बसवलाच नव्हता. चार महिने आम्ही उगाच सोलरला दोष देत होतो.

तुझ्याकडेही बघ. सगळे मिक्सर नेहमी असतात तसेच ठेव, गच्चीवरचा सोलरचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद कर आणि गरम नळ सोड. पाइपातलं संपून धार थांबली तर ठीक. थांबलीच नाही, तर गार पाणी कुठूनतरी घुसतंय, आणि मग ५०० लिटरची टाकी आणलीस तरी पाणी कोमटच येणार.

सोलरच्या काचेच्या नळ्या शेवटच्या कधी पुसल्यास? तुमच्याकडे रस्त्याचं काम चालू आहे, धुळीचा थर असणारच. सकाळी नळ्या गार असताना पूस, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते.

गिझरवर एका बादलीला जवळपास अर्धा युनिट जातो. तुम्ही घरात पाच माणसं, हिशोब तूच कर.

रविवारी टेप घेऊन येतो. तोवर टाकीचा ॲडव्हान्स देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, आणि काकांना सांग, त्यांच्या अंघोळीच्या वेळेआधी पोचतो.

तुझा,
नंदू