लेकरू गेल्यावर कितव्या दिवशी कामावर यायचं?

मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी केज तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची मुलगी जन्मली. आठवा महिना सरत आला होता. ती रडलीच नाही. सिस्टरनं पांढऱ्या कापडात गुंडाळून तिला माझ्या हातात दिलं आणि संध्याकाळी शेताच्या बांधावर, लिंबाखाली, मी आणि भावानं खड्डा खणला. एवढ्याशा लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत. दहावा नाही, तेरावा नाही, दारात चार माणसं येऊन बसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी बायकोला पान्हा फुटला. माय तिची छाती कापडानं घट्ट बांधत होती, तेव्हा मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. उरलेल्या दोन किरकोळ रजा संपल्या होत्या. आणखी मागायला गेलो तर विचारणा झाली, "घरात नेमकं कोण वारलं?" अर्जात लिहायला माझ्याकडे नाव नव्हतं.

कायद्याला मात्र ती माहीत आहे, साहेब. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत जन्माची नोंद करावीच लागते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानं ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्मलेलं मूल धरलं होतं. आता त्याच्या जागी आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच आहे. केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२२ला एक पाऊल पुढं टाकलं. बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत गेलं, तर आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ६० दिवसांची विशेष रजा दिली. ती वाचून मला खरोखर बरं वाटलं. पण या कागदांत बाप कुठंच सापडत नाही. खासगी नोकरीत तर जिवंत बाळाच्या बापालाही कायद्यानं एक दिवस मिळत नाही.

आणि माझं दुःख निदान पक्क्या छपराखाली होतं. आमच्या वस्तीवरचं एक जोडपं दरसाल मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागच्या हंगामात तिचं लेकरू फडाशेजारच्या कोपीत, आठव्या महिन्यात, मेलेलं जन्मलं. पाचव्या दिवशी ती मोळ्या वाहत होती. थांबली असती तर रोजचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, उचलीत चढला असता, आणि खाडा दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असतो. नवरा तिच्याजवळ बसला असता तर त्याचाही. ती माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, दूध फडातच पिळून टाकायचे, वर माती सारायचे." त्यानंतर त्या दोघी बराच वेळ ओट्यावर नुसत्या बसून होत्या.

तिची रजा कुणाकडे मागायची? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी तर कारखान्यासाठीच माणसं आणतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खाड्याची धास्ती त्या कारणांत होतीच. मग लेकरू पुरल्यावरही तोच खाडा लागू राहतो, हे आपल्याला कसं चालतं?

माझी मागणी मोठी नाही. बाळ मृत जन्मलं किंवा महिन्याच्या आत गेलं, तर आईबरोबर बापालाही पंधरा दिवसांची पगारी रजा द्या, सरकारी नोकरीत आणि खासगीतही. ऊसतोडीत अशा वेळी दोघांचाही खाडा लावण्यावर बंदी घाला आणि सहा आठवड्यांची मजुरी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळातून द्या. महामंडळ दुसऱ्या खात्याकडे आहे हे मला कळतं. पण ती बाई मजूर आहे, म्हणून मी तुमच्याच दारात आलो.

आणखी एक. आदेशात ‘पती’ लिहू नका, ‘पालक’ लिहा. दोघी जणी एकत्र संसार करत बाळाची वाट पाहत असतील, तर दुसरीच्याही पोटात कालवतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२०पासून अशा वेळी दोन आठवड्यांची रजा आहे, आणि ती समलिंगी जोडीदारालाही मिळते. बाहेरचं उदाहरण परकं वाटत असेल तर आपल्या माजलगावचं घ्या. तिथल्या एका पोलीस शिपायानं लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी महिन्याची रजा मागितली, ती आधी नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी सरकारनंच वाट काढली आणि २०१८ साली शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०२४मध्ये तो माणूस बाप झाला. कुठल्याच रकान्यात न बसणारी रजा याच राज्यानं दिली होती.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतील. आमच्या वस्तीवरचं ते जोडपंही ट्रकमध्ये बसेल, कारण मागच्या उचलीतले पैसे अजून फिटायचे आहेत. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, चौथा महिना चालू आहे. आदेश ट्रक निघायच्या आत काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
केज तालुक्यातला एक शिक्षक