घोषणा उसन्या असल्या तरी...

‘देशाच्या नावाचा गजर’ हा क्रीडा पानावरील लेख वाचला. मैदानावरील देशभक्तीच्या घोषणा त्या त्या देशाच्या मातीतूनच उगवतात, हे त्यातील प्रतिपादन मात्र पटत नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जगभर पोहोचलेली ‘ऑसी, ऑसी, ऑसी! ऑय, ऑय, ऑय!’ ही ऑस्ट्रेलियन (‘ऑसी’) प्रेक्षकांची घोषणा मुळात इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या ‘ऑगी, ऑगी, ऑगी’ची नक्कल आहे. ‘ऑगी’ म्हणजे तिथल्या खाणकामगारांच्या शिदोरीतील सारण भरलेली करंजी. हीच आरोळी १९७० च्या दशकात वेल्सच्या रग्बी मैदानांवर घुमत होती. एकाने तीनदा पुकारायचे आणि हजारोंनी तीनदा उत्तर द्यायचे, ही रचना इतकी सोपी आहे की अनोळखी माणूसही दुसऱ्या फेरीत सूर मिसळतो. घोषणा सीमा ओलांडतात त्या याच सोपेपणामुळे. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या प्रेक्षकांनी हात उंचावून, थांबून थांबून वाजवलेली आणि ‘व्हायकिंग’ म्हणून गाजलेली टाळीही स्कॉटलंडमधील फुटबॉलप्रेमींकडून आल्याचे सांगितले जाते. उसनी घेतली म्हणून ती म्हणणाऱ्यांचे देशप्रेम तसूभरही कमी ठरत नाही. परंतु घोषणेच्या उगमावरून राष्ट्राचा स्वभाव ठरवण्यापूर्वी तिचा प्रवास तपासायला हवा होता.

– एक क्रीडाप्रेमी वाचक