पाळकसाहेबांच्या पाठवणीसाठी आणि त्यांच्यामागे मंडळीच्या सेवेसाठी आवाहन

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम.

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेर मागे पडल्यावर संत्र्यांच्या बागांचा जो पट्टा लागतो, त्या भागातील आमची लूथरन मंडळी लहान आहे. रविवारची उपासना हिंदीत होते, घरात मात्र आम्ही मराठीच बोलतो, आणि नोकरीसाठी बाहेर पडलेली आमची मुले बहुतेक नागपूर, पुणे व मुंबई येथे स्थिरावलेली आहेत. गेली अकरा वर्षे या मंडळीची काळजी वाहणारे आमचे पाळकसाहेब येत्या डिसेंबर महिन्यात सहकुटुंब इथियोपियाला जात आहेत. तेथील मेकाने येसूस या लूथरन परंपरेच्या चर्चमध्ये खेड्यापाड्यांत सेवा करणाऱ्या पाळकांना व सुवार्तिकांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले जाणार आहे, आणि आपल्या चर्चच्या वरिष्ठ मंडळाने प्रार्थनापूर्वक विचार करून या पाचारणाला संमती दिली आहे. त्यांची पाठवणी नीट व्हावी आणि त्यांच्यामागे मंडळीची सेवा खंडित होऊ नये, यासाठी आम्हाला निधी उभारायचा आहे. त्याकरिता हे आवाहन मंडळीचे आजचे सभासद, येथून बाहेर गेलेली कुटुंबे आणि या चर्चशी स्नेह असणारे सर्वजण यांच्यापुढे ठेवत आहोत.

ही बातमी प्रथम कळली तेव्हा मंडळीतील अनेकांना दुःख झाले, आणि काहींनी ते उघडपणे बोलूनही दाखवले. स्वतःच्याच गावातील मंडळ्यांना पाळक पुरत नसताना आपला पाळक समुद्रापार का पाठवावा, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे समितीचे कर्तव्य आहे, म्हणून येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते.

आपले चर्च ज्या स्वीडिश मिशनच्या कार्यातून उभे राहिले, त्या संस्थेची स्थापना स्वीडनमध्ये १८५६ साली झाली. पूर्व आफ्रिकेतील ओरोमो लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचवणे ही या संस्थेची सुरुवातीची मोठी आकांक्षा होती. त्यासाठी तिचे मिशनरी १८६६ साली तांबड्या समुद्राच्या काठावरील मसावा या बंदरात उतरले, परंतु तेथून आतल्या मुलखात जाण्याचा मार्ग त्यांना वर्षानुवर्षे मिळाला नाही आणि ताप व इतर संकटांत त्यांच्यातील कित्येक जण दगावले. त्याच संस्थेने १८७७ साली मध्य प्रांतात गोंड लोकांमध्ये सेवा करण्याच्या हेतूने काम सुरू केले. छिंदवाड्यात नागपूरच्या स्कॉटिश मिशनने त्याआधी काम केले होते, तेही पुढे स्वीडिश मिशनकडे आले. म्हणजे इथियोपियातील ओरोमो आणि आपल्याकडील गोंड यांच्यासाठी एकाच काळात, एकाच घरातून माणसे निघाली होती. त्यांच्या प्रवासाचा खर्च स्वीडनमधील शेतकऱ्यांनी, कारागिरांनी व घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या लहानलहान दानांतून उचलला होता, आणि ज्यांच्यासाठी ते देत होते त्या लोकांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

ओरोमो लोकांपर्यंत ती सुवार्ता अखेर पोहोचली ती त्यांच्याच एका माणसाच्या हातून. ओनेसिमोस नेसिब यांना लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकण्यात आले होते. मसावा येथे त्यांची सुटका झाली, मिशनच्या शाळेत ते शिकले, १८७० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे स्वीडनला जाऊन त्यांनी शिक्षण घेतले. आस्तेर गानो या ओरोमो विदुषीचे साहाय्य घेऊन त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र ओरोमो भाषेत आणले आणि ते १८९९ साली छापून झाले. १९५९ साली मेकाने येसूस चर्च स्वतंत्रपणे स्थापन झाले तेव्हा त्याचे सभासद सुमारे २०,००० होते, आणि आज ही संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. मधल्या काळात तेथील लष्करी राजवटीत या चर्चने फार सोसले. त्याचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना १९७९ साली पळवून नेऊन ठार मारण्यात आले. जी मंडळी इतक्या वेगाने वाढते, तिला शिकलेल्या पाळकांची वाण पडणारच, आणि जगभरातील लूथरन चर्चेसकडून शिक्षक मागण्यामागे हेच कारण आहे.

आमचे पाळकसाहेब बैतूल जिल्ह्यातील गोंड कुटुंबातून आलेले आहेत, त्यांची मातृभाषा गोंडी आहे आणि मराठी त्यांनी येथे आल्यावर आमच्या घराघरांतून बसून आत्मसात केली. ज्या दोन लोकांसाठी पूर्वी एकाच घरातून माणसे निघाली, त्यांच्यापैकी एका लोकातला शिक्षक आता दुसऱ्या लोकातील पाळकांना शिकवायला जात आहे. आजवर आमच्या मंडळीने नेहमी दुसऱ्यांनी पाठवलेली माणसे स्वीकारली. पाठवण्याची पाळी आमच्यावर पहिल्यांदाच आली आहे. म्हणूनच समितीने या कार्यक्रमाला ‘निरोप’ हा शब्द न वापरता ‘पाठवणी’ म्हणायचे ठरवले आहे. घरातली लेक सासरी निघते तेव्हा डोळ्यांत पाणी असते, तरी तिला रिकाम्या हाताने कोणी पाठवत नाही. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवले, तेव्हा त्या मंडळीजवळही देण्यासारखी फार माणसे होती असे नाही.

पाळकसाहेबांच्या सेवेविषयी लिहायला घेतले तर हे पत्र लांबेल, तरी दोन गोष्टी न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. २०२१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, जेव्हा स्वतःच्या नातलगांनाही जवळ जाता येत नव्हते, तेव्हा त्यांनी आणि मंडळीतील चार तरुणांनी अंगभर प्लास्टिकचे पोशाख घालून भर उन्हात दफनविधी केले, आणि एकाही कुटुंबाला आपले माणूस प्रार्थनेवाचून मातीत ठेवावे लागले नाही. मंडळीबाहेरच्या दोन घरांनी बोलावले तेव्हा तेथेही ते मदतीला गेले. दुसरी गोष्ट पाढर येथील आपल्या चर्चच्या रुग्णालयाची. १९५८ पासून बैतूल परिसरातील गोरगरिबांची सेवा करणाऱ्या या रुग्णालयापर्यंत आमच्या भागातील रुग्ण नेणे सोपे नाही, तरी रात्री-अपरात्री गाडी ठरवून, स्वतः सोबत बसून, दाखल करून आणि पहाटेच्या बसने परत येऊन त्यांनी किती जणांना तेथे पोहोचवले, याची मोजदाद त्यांच्याजवळही नसेल. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे ताई म्हणतो, त्यांनी रविवारची शाळा आणि स्त्रियांची बुधवारची प्रार्थनासभा ही दोन्ही कामे कोणत्याही मानधनाविना सांभाळली.

आता निधीविषयी. पहिला खर्च प्रवासाचा आहे. इथियोपियात राहण्याची जागा व निर्वाहवेतन तेथील चर्च देणार आहे, परंतु मुंबईहून अदिस अबाबापर्यंतची पाळकसाहेब, ताई आणि धाकटा मुलगा यांची विमानाची तिकिटे, व्हिसा, प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावयाची पीतज्वराची लस, सोबत न्यायची पुस्तके आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवरील त्या शहरात लागणारे गरम कपडे हा सारा भार आमच्या मंडळीने स्वखुशीने स्वीकारला आहे. त्यासाठी १,८०,००० रुपयांचा अंदाज आहे. थोरली मुलगी यंदा बारावीला असल्याने ती परीक्षा होईपर्यंत येथेच राहील. तिच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे मंडळीची सेवा पाहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांपैकी, एकाच्या कुटुंबाने घेतली आहे, आणि त्याबद्दल निधीतून एक रुपयाही घेणार नसल्याचे त्यांनी समितीला सांगितले आहे.

दुसरा खर्च पाळक नसण्याच्या काळाचा आहे. नवे पाळक उन्हाळ्यातील बदल्यांच्या वेळीच मिळू शकतील, म्हणजे डिसेंबरपासून जूनपर्यंत सात महिने मंडळीला स्वतःचा पाळक नसेल. आपल्या परंपरेत रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणीही मंडळीत जाहीरपणे उपदेश करू नये व संस्कार देऊ नयेत, असे लूथरन विश्वासाची तत्त्वे मांडणाऱ्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासस्वीकाराच्या चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. मंडळीचे वडील प्रार्थना चालवतील, शास्त्रवाचन करतील, लिहून दिलेला उपदेश वाचून दाखवतील, परंतु प्रभुभोजनाच्या मेजाशी ते उभे राहू शकत नाहीत. शिवाय यंदा दृढीकरणाच्या वर्गात नऊ मुले आहेत आणि त्यांची लूथरच्या लहान प्रश्नोत्तरीची शिकवण अर्ध्यावर आली आहे. शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी महिन्यातून दोन रविवार आणि दर शुक्रवारी येण्याचे कृपापूर्वक मान्य केले आहे. त्यांचा प्रवास, मानधन आणि आजारी सभासदांच्या भेटींचा खर्च धरून दरमहा १२,००० रुपये, म्हणजे सात महिन्यांसाठी ८४,००० रुपये लागतील.

तिसरा आणि सर्वांत मोठा खर्च पाळकनिवासाचा आहे, आणि याबाबत समितीने स्वतःची चूक मान्य केली पाहिजे. जुन्या कौलारू बंगल्याच्या सागवानी वाशांना वाळवी लागल्याचे आम्हाला चार वर्षांपूर्वीच कळले होते. पाळकसाहेबांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही दर पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलून वेळ मारून नेली. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीचा आढा खाली आला, आणि त्या वेळी खोलीत कोणी नव्हते ही केवळ देवाची कृपा. लहान मुले असलेल्या नव्या कुटुंबाला अशा घरात उतरवणे आमच्या मनाला पटत नाही. वासे, आढे व कौले बदलणे, भिंतींना आलेली ओल काढणे आणि न्हाणीघर नव्याने बांधणे यासाठी गवंडी व सुतार यांच्याकडून घेतलेल्या अंदाजानुसार ३,६०,००० रुपये लागतील. हे काम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच उरकावे लागेल, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की छप्पर उघडता येत नाही.

असा एकूण खर्च ६,२४,००० रुपये आहे. मंडळीतील कुटुंबांनी आतापर्यंत १,९२,००० रुपये दिले आहेत किंवा लेखी कबूल केले आहेत. यांत रोजंदारीवर जाणाऱ्या भगिनींनी आठवड्याची एका दिवसाची मजुरी बाजूला काढून दिलेली रक्कमही आहे, आणि तीन बागायतदारांनी आंबिया बहाराच्या संत्र्यांतील एकेका ओळीचे उत्पन्न देऊ केले आहे. उरलेल्या ४,३२,००० रुपयांसाठी आम्ही आपल्याकडे हात पुढे करीत आहोत.

देणगी धनादेशाने किंवा बँकेतून मंडळीच्या खात्यावर द्यावी. रोख रक्कम फक्त कोषाध्यक्ष किंवा सचिव यांच्याकडेच द्यावी आणि छापील पावती घेतल्याशिवाय देऊ नये. हा निधी धार्मिक कार्यासाठी असल्याने आमच्या पावतीवर प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगणे आम्हाला योग्य वाटते. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना एक विशेष सूचना आहे. आमच्या मंडळीकडे परकीय देणगी नियमन कायदा, २०१० खालील नोंदणी नाही, म्हणून ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांच्याकडून, ते मूळचे याच गावचे असले तरी, आम्हाला देणगी घेता येत नाही. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम आम्ही स्वीकारू शकतो. इतरांनी कृपया प्रार्थनेत आठवण ठेवावी, आणि जमल्यास पाळकसाहेबांना पत्र लिहावे. नव्या देशात, नवी लिपी आणि तेरा महिन्यांचे पंचांग शिकत असताना ओळखीच्या अक्षरातले पत्र त्यांना फार हवेसे वाटेल.

विहिरीच्या पंपासाठी पूर्वी गोळा केलेल्या निधीचा हिशेब लावायला आम्ही आठ महिने घेतले आणि त्यामुळे काहींची मने दुखावली गेली. या वेळी तसे होणार नाही. जमा आणि खर्चाचा तक्ता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या दारातील फलकावर लावला जाईल, बाहेरगावच्या देणगीदारांना तो टपालाने किंवा मोबाइलवर पाठवला जाईल, आणि बांधकामाची बिले मंडळीतील कोणत्याही सभासदाला पाहता येतील. प्रवासासाठी जमलेल्या रकमेतून काही उरल्यास ती पाळकनिवासाकडे वळवली जाईल. त्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामाला हा पैसा लावला जाणार नाही.

पैसे देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी संकोच करू नये. बांधकामाच्या दिवसांत कौले उतरवायला व चढवायला हात लागतील, गवंड्यांसाठी दुपारचे जेवण लागेल, आणि पाहुण्या पाळकांना बसस्थानकावरून आणायला-पोहोचवायला दुचाकी असलेले तरुण लागतील. हंगाम सणाच्या उपासनेनंतर नेहमीप्रमाणे पहिल्या फळांचा लिलाव होईल आणि यंदा त्याचे सर्व उत्पन्न या निधीत जाईल, म्हणून भोपळा, अंडी, धान्य, संत्री, जे घरी पिकले असेल ते त्या दिवशी वेदीपाशी आणावे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला जे पाठवले, त्याच्या रकमेची नोंद कोठेही नाही.

प्रवासाची तिकिटे वेळेत काढता यावीत म्हणून त्या भागाची देणगी ३१ ऑक्टोबर, म्हणजे धर्मसुधारणेच्या स्मरणदिनापर्यंत पोहोचावी, अशी विनंती आहे. पाळकनिवासासाठीची देणगी फेब्रुवारीअखेरपर्यंत चालेल. पाठवणीची उपासना आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता होईल. त्या वेळी मंडळीचे वडील पाळकसाहेब व ताई यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतील, प्रभुभोजन होईल आणि त्यानंतर चर्चच्या आवारात सर्वांसाठी जेवण असेल. बाहेरगावहून येणाऱ्यांची राहण्याची सोय मंडळीतील घरांमध्ये केली जाईल. आपण किती जण आणि कोणत्या गाडीने येणार आहात, हे आठ दिवस आधी सचिवांना कळवावे.

प्रभूच्या सेवेत आपले,
सचिव, कोषाध्यक्ष व सर्व सभासद
मंडळी समिती