लायसियमला सिमेंट लावू नका

महोदय,

पणजीत आल्तिनोवरच्या लायसियमला पुष्कळ लोक अजून ‘कोर्ट’च म्हणतात. २०२१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ पर्वरीला गेले, सवय मात्र गेली नाही. मुळात ही शाळा. पोर्तुगीज सरकारने १८५४ मध्ये लायसियम सुरू केले. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदू मुलांनाही सरकारी शिक्षणाची वाट बरीच मोकळी झाली. त्यामुळे आमच्याकडे ‘आजोबा लायसियमात शिकले’ हे अजूनही मिरवून सांगतात (आजोबांचे गुण कोणी विचारत नाही).

माझी विनंती डागडुजीपुरती आहे. गोव्यातल्या जुन्या इमारतींच्या भिंती चिऱ्याच्या आणि गिलावा चुन्याचा. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो. चुन्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. वर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. मग ‘इमारत जीर्ण झाली’ म्हणायला सगळे मोकळे! तेव्हा निविदेतच चुन्याच्या गिलाव्याची अट घाला, ते काम जाणणारे गवंडी नेमा. आणि मे संपण्याआधी कौले व पन्हाळी साफ करून घ्या. त्याला निविदाही लागत नाही.

– एक वाचक, म्हापसा