ओट्यावरच्या पाटीबद्दल

ती. नाना आणि आई,

साष्टांग नमस्कार.

नाना, आठ दिवस झाले, फोन आईच उचलते. मागून तुमचा खोकला ऐकू येतो, म्हणजे तुम्ही तिथंच खाटेवर बसलेले असता. म्हणून पत्र लिहितेय. आलेलं पत्र तुम्ही न वाचता ठेवणार नाही, एवढी खात्री आहे.

आधी झालं ते सरळ सांगते. आखाजीला आले होते तेव्हा तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही झोपलेले असताना, घरपट्टीच्या हरकत अर्जावर मी आईची सही घेतली. घर तिच्या नावावर आहे, नोटीस तिच्या नावाची, त्यामुळे सही तिचीच लागत होती. तिनं विचारलं, "ह्यांना सांगितलं का?" मी म्हटलं, सांगते. आणि न सांगताच दुसऱ्या दिवशी पालिकेत अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेऊन आले. चूक माझी आहे. आईला काही बोलू नका. ती फोनवर "जेवली" म्हणते, पण कशी जेवली असेल ते मला कळतं.

तुम्ही नोटीस वाचून लगेच म्हणाला होतात, भरून टाकू. ज्या पालिकेनं ३१ वर्षं पगार दिला, तिच्या दारात तक्रार घेऊन उभं राहायचं का? ते वाक्य ऐकून मी गप्प बसले, आणि तुम्हाला वाटलं विषय संपला. नाना, पालिकेच्या शाळेवर तुमचा किती जीव होता ते मी पाहिलंय. पण हे भांडण नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यादी लावतात, नोटिसा वाटतात, आणि कुणाचं काही म्हणणं असेल तर मुदतीत लेखी द्या, असं कायदाच सांगतो. तुम्ही तपासलेले पेपर वाटताना पोरांना म्हणायचात, बेरीज करून बघा, माझीही चूक होऊ शकते. एखाद्याचा अर्धा मार्क राहिला असेल तर लाल पेननं तिथल्या तिथं दुरुस्त करायचात. मी पालिकेला तेवढंच म्हटलंय, बेरीज पुन्हा करा.

मोजणीला आलेली पोरं दहा मिनिटांत बाहेरून टेप लावून गेली, असं आईच सांगत होती. नोटिशीत ९४ चौरस मीटर लिहिलंय. दादानं आणि मी मोजलं तर ७० भरलं. उरलेले २४ म्हणजे मागचा गोठा. तो पडून दोन पावसाळे झाले, आता तिथं आईची तुळस आणि कढीपत्ता आहे. बांधकामाच्या रकान्यात तर सगळ्या घराला 'आरसीसी' लिहिलंय. आपल्या धाब्याच्या घराला! दर वर्षी पावसाच्या आधी तुम्ही वर पांढरी माती टाकायचात आणि मी खालून घमेली द्यायचे, ते घर. स्वयंपाकघरावर पत्रे आहेत तेही कुणी वर मान करून पाहिलं नाही. मी पालिकेत बसून आकारणी यादी पाहिली, ती पाहण्याचा हक्क घरमालकाला असतो. शेजारच्या काकांचं घर आपल्यासारखंच, भिंतीला भिंत लागून, त्यांच्या नावापुढं 'माती-विटा' आहे.

हे बारीकसारीक वाटेल, पण सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. बांधकाम कसलं त्यावर दर, दरावरून वर्षाचं अपेक्षित भाडं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, आणि उरतं ते करयोग्य मूल्य. पहिला रकाना चुकला की खालचे सगळे चुकतात. एकदा ही यादी कायम झाली की चार वर्षं तोच आकडा, आणि पुढची आकारणी त्याच्यावरच. तुमच्या पेन्शनीतून जाणारा पैसा आहे तो. मी पाठवते म्हटलं तर तुम्ही घेत नाही, मग निदान चुकीचा जाऊ नये एवढं तरी मला बघू द्या.

शास्तीची काळजी करू नका. मागचं सगळं बिल भरलेलं आहे, सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात वर्षाप्रमाणे लावलेल्या सापडल्या. (नाना, १९९४ ची सुद्धा!) नवीन आकारणीचं बिल अजून निघालेलंच नाही, त्यामुळे थकबाकी कसली आणि तिच्यावरची दोन टक्के शास्ती कसली. हरकत घेतली म्हणून कुणी नळ तोडत नाही.

आता जे लिहायचं म्हणून तीन दिवस कागद पुढं ठेवलाय ते.

आई, ओट्याच्या खोलीला त्यांनी 'बिगरनिवासी' लावलंय. त्यामुळे दर जास्त, आणि वर रोजगार हमी कर, जो राहत्या घराला लागत नाही. कारण एकच, दारावरची पाटी. अर्जात मला लिहावं लागलं की त्या खोलीतला शिलाई व फॉल-पिकोचा व्यवसाय सहा वर्षांपासून बंद आहे. सोबत लाइट बिल जोडलं, घरात एकच मीटर आणि तेही घरगुती. एक ओळ लिहायची होती, पण हात थांबला. त्याच मशीनच्या आवाजात मी झोपायचे. पिकोच्या पैशांवर माझी जळगावची होस्टेल फी गेली. तुझी बोटं वाकडी झाली तेव्हाही तू "बंद केलं" कधी म्हणाली नाहीस, "सध्या घेत नाही" म्हणायचीस. मी कागदावर 'बंद' लिहिलं. दुसरा शब्द सापडला नाही, माय.

नाना, ती पाटी तुम्ही तुमच्या हातानं रंगवलेली आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं. 'फॉल'मधलं अर्धचंद्र पुसट झालं तरी दर दिवाळीला पुसता. पण सुनावणीआधी कुणी घर बघायला आलं आणि पाटी तिथंच दिसली, तर आपला अर्ज खोटा ठरेल. ती उतरवावी लागेल. फेकायची नाही, भंगारात तर मुळीच नाही. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मशीनमागं ठेवा. मशीन हलवायचं नाही, ते तिथंच राहील. पुढं कुणी विचारलं तर मी पाटी माझ्याकडं घेऊन येईन, पण तुम्हाला ती घरातच हवी असेल तर घरातच. आणि स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. दादा रविवारी जळगावहून येतोय, तो उतरवेल.

सुनावणीलाही तोच गाडी घेऊन येईल. तारखेचं पत्र आलं की त्याला आधी फोन. रिक्षा करून परस्पर जायचं नाही, या उन्हात तर नाहीच. निघताना कळण्याची भाकरी खाऊन निघा, उपाशी पोटी बीपीची गोळी घेऊ नका. टोपी, पाण्याची बाटली, आणि मूळ कागद घरीच ठेवून फक्त झेरॉक्स न्या. तिथं काही बोलावं लागणार नाही, दादा बोलेल. बोलावंसं वाटलं तर मात्र बोला. साहेबांनी विचारलं तर धाबं कसं करतात ते सांगा, तुमच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

आणि तुम्हाला हे अजिबातच नको असेल, तर दादाला सांगा, तो अर्ज मागं घेईल. मी वाईट वाटून घेणार नाही. पण आधी त्या अर्जाची प्रत एकदा वाचा. पावत्यांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवली आहे. कुठं शुद्धलेखन चुकलं असेल तर लाल पेननं करून ठेवा.

तुमची,
बेबी

ता. क. : आई, डोळ्यांचे थेंब फ्रिजच्या दारात आहेत, रात्री विसरू नकोस. बिबड्यांचं पीठ यंदा घाटू नकोस, इथं मागच्या वर्षीचे अजून आहेत. नाना, रविवारी सकाळी नऊला फोन करते. तुम्ही उचला.