रॉचेस्टरची बोळवण

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या अमेरिकन रेडिओवरील लेख वाचला. विनोदी नट जॅक बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमातील कंजूषपणाच्या विनोदांना त्यात भरपूर जागा मिळाली आहे. मात्र ज्यांच्यामुळे ते विनोद रंगत, त्या एडी अँडरसन यांची 'बेनींच्या नोकराचे काम करणारा नट' एवढ्यावर बोळवण झाली, हे खटकले.

मार्च १९३७ मध्ये अँडरसन बेनींच्या कार्यक्रमात आले ते आगगाडीतील सेवकाच्या एका प्रसंगापुरत्या भूमिकेत. श्रोत्यांना ते इतके आवडले की पुढे बेनींचा घरगडी रॉचेस्टर म्हणून ते कायमचे दाखल झाले. त्या काळी 'अ‍ॅमॉस अँड अँडी' या गाजलेल्या मालिकेतील कृष्णवर्णीय नायकांना गोऱ्या नटांचे आवाज होते, हे ध्यानात घेतले म्हणजे देशभर ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमात एका कृष्णवर्णीय कलावंताला नियमित स्थान मिळण्याचे मोल कळते. त्यांचा तो घोगरा आवाज लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोत ओरडून वर्तमानपत्रे विकताना बसलेला होता; निदान आपल्या व्यवसायाने तरी याची नोंद घ्यायला हवी होती!

रॉचेस्टर स्टुडिओत फोन करी, घरची खबर देता देता मालकाच्या चिक्कूपणाचे वाभाडे काढी आणि बेनी हताशपणे ऐकून घेत. आरंभी त्याच्या तोंडी जुगार, दारू, आळस असे ठरीव वर्णद्वेषी विनोदही घातले जात, हे नाकारता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनींनी ते बंद करवले. नोकर मात्र तो शेवटपर्यंत नोकरच राहिला, आणि या मर्यादेवर त्या काळीही टीका होत असे.

हे सारे मराठवाड्यातून लिहिण्यास कारण आहे. तमाशाच्या वगात राजाची भर दरबारात फिरकी घेणारा सोंगाड्या आपल्या ओळखीचा आहे. नभोनाट्यांत आणि दूरचित्रवाणीवर मात्र गड्याचे पात्र आले की त्याला आमच्याकडचा हेल दिला जातो, आणि हशा त्याच्या बुद्धीला नव्हे, बोलण्याला मिळतो. परभणीत बसून हे ऐकताना हसू येत नाही.

अँडरसन यांच्यावर स्वतंत्र लेख छापावा, आणि त्यात फोनवरचा एखादा संवाद सविस्तर द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, परभणी